वन्सं, बूट टाचेला चावत नव्हता

वन्सं, काल मिलिंदनं तुमच्यासाठी स्लीपर आणल्या. निळ्या पट्ट्याच्या, रबरी, बाथरूममध्ये घालतात तसल्या. तेराव्याच्या सामानात गुरुजींनी छत्री सांगितलीय आणि पायांत घालायला काहीतरी. तुमच्या पुढच्या वाटेवर ऊन फार असतं म्हणे, जमीन तापलेली असते, झाडाची सावली नसते, म्हणून ही दोन दानं द्यायची. छत्री त्यानं चांगली आणली, काळी, लाकडी मुठीची. पण त्या स्लीपर बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, परत कर. तो म्हणाला, आई, दानाला सगळे हेच देतात. मी म्हटलं, सगळ्यांच्या आत्यानं गाडी चालवली नाही. त्यावर पोरगा हसला आणि हसता हसता रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, दोन मुलींचा बाप, स्वयंपाकघराच्या दारात स्लीपरची पिशवी धरून रडत उभा.

उद्या मी स्वतः जाऊन घेणार आहे. पण काय घेऊ, तेच ठरत नाही. पातळ तळव्याचे घेऊ की जाड? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला, मालती, इतकी वर्षं बाजूला बसून एवढंही शिकली नाहीस? शिकले हो. शिकले म्हणूनच अडलंय. कोणाला विचारण्यासारखं नाही हे, म्हणून तुम्हालाच विचारतेय.

गाडी घ्यायची तुमची कल्पना आम्हाला वेडगळ वाटलेली. नोकरी संपली, लग्न केलेलं नाही, भाऊ-भावजयीकडे सुखात राहता, आता देवदेव करायचा तर ह्या क्लच आणि गिअर शिकायला निघाल्या. शिकवणीच्या पहिल्या दिवशी तुम्ही ऑफिसातली टाचेची सँडल घालून गेलात. टाच खालच्या मॅटमध्ये अडकली, क्लच एकदम सुटला, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि शिकवणाऱ्यानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबून समोरची कोथिंबिरीची हातगाडी वाचवली. दुसरी कोणी असती तर घरी सांगितलंही नसतं. तुम्ही आल्या आल्या बेडूक करून दाखवलात. आणि त्याच संध्याकाळी मला घेऊन कल्याण स्टेशनजवळच्या दुकानात गेलात आणि शाळेत पीटीला घालतात ते पांढरे कॅनव्हासचे बूट मागितलेत. दुकानदारानं विचारलं, कितवीत आहे मुलगी? तुम्ही म्हणालात, "रिटायर झालीय."

तिथून तुमचं ते शास्त्र सुरू झालं. मला गाडी येत नाही, आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही, पण तुमचं शास्त्र आरतीसारखं पाठ आहे. तळवा पातळ हवा, कारण क्लच नेमका कुठे धरतो ते पायाला कळलं पाहिजे. मागून टाच धरलेली हवी, म्हणून चप्पल नाही, स्लीपर तर नाहीच नाही. पुढून फार रुंद बूट घेतला तर ब्रेकसोबत शेजारचंही दाबलं जातं. पावसात आधी तळवे पुसायचे, मग बसायचं. देवळात, लग्नात घालायच्या चपला मागच्या सीटवर पिशवीत बांधून ठेवायच्या, पुढे सुट्या ठेवल्या तर घरंगळत ब्रेकखाली येतात. आणि निऱ्या वर खोचायच्या. ह्या निऱ्या खोचण्यावरून सोसायटीतल्या बायका किती हसल्या असतील. पाचवारी साडी, पोटऱ्या दिसतील इतकी वर घेतलेली, आणि खाली पांढरे बूट. तुम्हाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

आठवतं ना, डोंबिवलीला आपण त्या लग्नाला गेलेलो? पार्किंगला जागा मिळेना, मुहूर्त गाठायचा होता, त्या धांदलीत तुम्ही पैठणीखाली बूट तसेच घालून अक्षता टाकायला गेलात. नवऱ्या मुलीची मावशी तुमच्या पायांकडे बघून म्हणाली, गडबडीत राहिलं वाटतं बदलायचं. तुम्ही तिला म्हणालात, "गाडीला माझी पैठणी दिसत नाही हो, तिला फक्त पाय कळतो." मी तेव्हा पदर तोंडाशी धरून हसले.

आपला वाद मात्र अनवाणी पायांचा. गाडी आली त्या दिवशी तुमच्या भावानं नारळ फोडला, मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. तुम्ही बूट घालून बसायला निघालात तर मी आडवी आले. म्हटलं, आत्ता पूजा केलीय, लक्ष्मी आहे ती, निदान आज तरी अनवाणी बसा. तुम्ही म्हणालात, लक्ष्मीला पायानंच दाबायचंय, तर धड बूट घालून दाबते, घसरला तर तिलाच लागेल. ह्यांनी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं, ते प्रसाद वाटत वरच्या मजल्यावर निघून गेले. मी काही सोडलं नाही. मी शेतातली मुलगी, चिखलात, बांधावर अनवाणी वाढलेली. माझं म्हणणं असायचं की पायाला जे कळतं ते उघड्या पायालाच कळतं, मध्ये रबर कशाला? तुम्ही म्हणायचात, उघडा पाय घामेजतो, घसरतो, आणि जोरात ब्रेक दाबायची वेळ आली तर तळव्याला लागतं म्हणून माणूस कचरतो. दर दसऱ्याला गाडीला हार घातला की हा वाद व्हायचाच. आपल्या घरचा तो एक सणाचा पदार्थ होता म्हणा ना.

हे गेले तेव्हा मी घराबाहेर पडायची बंद झालेले. कोणी बोलवायला आलं तरी नको वाटायचं. तुम्ही समजूत घातली नाहीत, बरोबर रडलाही नाहीत. एका सकाळी बूट घालून तयार होऊन माझ्यासमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, चल, तुझ्या आईला बघून येऊ. शहाडचा पूल ओलांडून, पुढे मुरबाडच्या रस्त्यानं माझ्या माहेरी. मी लग्न झाल्यापासून माहेरी जायचं म्हणजे आधी विचारायचं, मग कोणाच्या तरी सवडीनं, कोणाच्या तरी सोबतीनं. त्या दिवसापासून दर आठवड्याला आईकडे गेले. तिचे शेवटचे दिवस मला मिळाले ते तुमच्या त्या पांढऱ्या बुटांमुळे. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, पेट्रोल जाळायला निमित्त हवं होतं मला.

तुम्हाला साखर निघाली ती आई गेल्यानंतर. गोळ्या सुरू झाल्या, चहा बदलला, सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं. मग तुम्ही बुटांबद्दल कुरकुर करायला लागलात. हल्ली ह्यांचा तळवा जाड यायला लागलाय, पूर्वीसारखे नाहीत राहिले. गाडी गचके देऊन बंद पडायला लागली. सिग्नलवरून उचलताना जळका वास यायला लागला. तुम्ही म्हणायचात, बूट. मी म्हणायचे, बूट. दुसरे आणले. मग आणखी पातळ आणले, नाचाच्या वर्गात मुली घालतात तसले, अगदी मोज्यासारखे. त्यांनीही गचके गेले नाहीत.

आणि मग तो दत्ताच्या देवळातला दिवस. उन्हाळ्याचे दिवस, डांबर पातळ झालेलं. दर्शन घेऊन बाहेर आलो, तुम्ही पायरीशी चपला घातल्यात आणि गाडीकडे चालायला लागलात. मी मागे राहिलेले, प्रसादाचा द्रोण सांभाळत. बघते तर तुमची डावी चप्पल पायरीशीच. तुम्ही पुढे चाललेल्या. एक पाय चपलेत, एक पाय त्या तापलेल्या डांबरावर, आणि तुमच्या चालीत काही फरक नाही. मी चप्पल हातात घेऊन पळत आले. तुम्ही गाडीचं दार उघडत होतात. मला बघितलंत, माझ्या हाताकडे बघितलंत, पण खाली मान नाही घातलीत. हळूच विचारलंत, "मालती, पायात चप्पल आहे का गं माझ्या?"

मी म्हटलं, "पट्टा सैल झालाय हो हिचा."

तुम्ही म्हणालात, हो ना, भिकार चप्पल. मग मागच्या सीटवर बसून तुम्ही बूट चढवलेत आणि घरी आलो. रात्री मी तुमच्या तळव्याला भाजल्याचं मलम लावलं, तेव्हाही आपण चपलेलाच नावं ठेवली.

साखरेनं पायांच्या नसा बधिर होतात, हे आता मला डॉक्टरांइतकं माहीत आहे. तुम्हाला तर माझ्या आधी माहीत असणार, तुम्ही वाचणाऱ्या. पण आपण दोघी, ज्या डाळीत गूळ किती इथपासून निवडणुकीपर्यंत दिवसभर बोलायचो, तुमच्या पायांबद्दल बोलायचं म्हटलं की बुटांबद्दलच बोलायचो.

तुम्हाला ती पार्किंगमधली सकाळ आठवते का? आपण कुठेतरी निघालेलो. गाडीत बसलात, किल्ली लावली नाहीत, आणि म्हणालात, आज तुझं ऐकते. बूट काढलेत, मोजे काढलेत. डावा पाय उघडा क्लचवर ठेवलात. दाबलात, हळूहळू सोडलात, परत दाबलात. डोळे मिटलेले. मी बाजूला बसून वाट बघतेय की आता ह्या म्हणतील, खरंच गं, अनवाणीच बरं. इतक्या दसऱ्यांचा वाद मी जिंकणार. तुम्ही बराच वेळ तसं करत राहिलात, जसं काही अंधारात भिंतीवर बटण चाचपडतंय कोणी. मग वाकून मोजे चढवलेत, बूट घातलेत आणि म्हणालात, "घाम येतो पायाला. घसरतो. माझंच बरोबर होतं."

मी हरले, वन्सं. पण तुमचा पाय कोरडा होता. मला दिसत होता ना. कोरडा ठाक, टाचेला भेगा पडलेला. त्या दिवशी बुटाचं कारण संपलं होतं. मध्ये रबर नव्हतं, कॅनव्हास नव्हतं, तरी तुम्हाला क्लच सापडला नव्हता. तुम्हाला कळलं, मला कळलं, आणि आपण निऱ्या खोचून निघालो.

मग शहाडच्या पुलाचा चढ. पुढे ट्रक अडलेला, मागे रिक्षा चिकटलेली. हाफ क्लचवर गाडी धरायची होती. आधी तुम्ही गप्पा मारत धरायचात, एका हातानं खूण करून माझ्याकडे चिक्की मागत. त्या दिवशी गाडी मागे सरकली आणि रिक्षाला टेकली. काही फुटलं नाही, कोणाला लागलं नाही. रिक्षावाला खाली उतरून खिडकीशी आला आणि म्हणाला, आजी, क्लास मैदानात लावा, पुलावर नको. एरवी तुम्ही त्याला त्याच्या आजोळापर्यंत पोचवला असतात. तुम्ही हँडब्रेक ओढून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलात. मी म्हटलं, नवे आहेत ना बूट, कडक आहेत अजून. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. रागाची नव्हती. विचारत होती काहीतरी. मला वाटतं तुम्ही विचारत होतात की अजून किती वेळ आपण असं बोलायचं. मी चिक्कीची पुडी उघडत बसले.

घरी आल्यावर किल्ली खिळ्याला लावलीत आणि म्हणालात, मनासारखे बूट मिळेपर्यंत गाडी बंद.

मिलिंद पुण्याहून फोन करून सांगायचा, आत्या, ऑटोमॅटिक घेऊ, क्लचच नसतो. तुम्ही त्याला म्हणायचात, ज्या गाडीत डाव्या पायाला काम नाही ती काय चालवायची. त्याला वाटायचं आत्या हट्टी आहे. तो महिन्यातून एकदा येऊन गाडी नुसती चालू करून ठेवायचा, बॅटरी मरू नये म्हणून. ब्रेकवरचा उजवा पायही तसाच बधिर होत चाललाय, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि आपण दोघी बूट शोधायला निघालो. वन्सं, किती हिंडलो हो आपण. कल्याणातली दुकानं झाली, डोंबिवलीची फडके रोडपासून पार मानपाड्यापर्यंतची झाली, मग ठाणं. एसटीनं जायचो, अर्ध्या तिकिटात, खिडकीची जागा तुमची. दुकानात गेलात की तुम्ही स्टुलावर बसायचात, बूट घालायचात, आणि पायाखाली ठेवलेला तो तिरका आरसा असतो ना, त्यालाच क्लच समजून डावा पाय त्यावर टेकवून हळूहळू दाबायचात. विकणारे घाबरायचे, काकू, आरसा फुटेल. तुम्ही गंभीरपणे सांगायचात, गाडी चालवायचीय, बघून घ्यायला हवं. कुठे तळवा जाड निघायचा, कुठे पुढून पसरट, कुठे टाच ढिली. मग आपण बाहेर पडून कुठेतरी इडली खायचो आणि त्या बुटांची निंदा करायचो. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस फार आवडायचे. सोंग होतं ते माहीत असूनही. सोंग होतं म्हणूनच कदाचित. घरी बसलो असतो तर खरं बोलावं लागलं असतं.

ठाण्यात खोपटला एसटी डेपोसमोरच्या गल्लीतलं ते दुकान. आधी एकदा जाऊन आलेलो, तेव्हा बंद होतं. तिथं त्या माणसानं एक राखाडी जोड काढून दिला. तुम्ही तळवा हातात धरून वाकवलात, पोळीसारखा दुमडला. मागून टाच घट्ट, पुढून निमुळता, नाडी मजबूत, तळव्याला बारीक खाचा, घसरायला वावच नाही. तुमच्या सगळ्या शास्त्रात बसणारा. घातलात, आरशावर दाबून बघितलात, दारापर्यंत चालून आलात. आणि तुमचा चेहरा, वन्सं, एक क्षणभर त्या पीटीच्या बुटांच्या दिवसासारखा झाला. विकणारा म्हणाला, मॅडमसाठीच बनवलाय. मी म्हटलं, झकास दिसतोय.

मग तुम्ही खाली बसलात. बुटाकडे बघत राहिलात. आणि म्हणालात, "टाचेला चावतोय."

त्या माणसानं मागून बोट घालून बघितलं, म्हणाला, जागा आहे की. तुम्ही म्हणालात, चावतोय म्हणते ना. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, हो, मलाही कडकच वाटला मागून.

ज्या टाचेला डांबर कळलं नाही, तिला नवा बूट कसा चावेल? हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. मनासारखा बूट मिळाला होता, वन्सं. मिळाला म्हणूनच तो घेता येत नव्हता. घेतला असता तर किल्ली खिळ्यावरून काढावी लागली असती.

परत येताना एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. माजिवडा गेलं, खाडीचा पूल आला, तेव्हा तुम्ही काचेकडेच तोंड ठेवून म्हणालात, रंग छान होता. मी हं म्हटलं. एवढंच. आता वाटतं, त्या दोन शब्दांत तुम्ही दार उघडून धरलं होतं. मी नुसता तुमचा हात धरला असता तरी पुरलं असतं. म्हणायला हवं होतं, वन्सं, भीती वाटते का हो. मी तुमच्या शेजारच्याच सीटवर होते, आयुष्यभर तुमच्या शेजारच्याच सीटवर होते, आणि तरी त्या भीतीत तुम्ही एकट्याच होतात. त्यानंतर आपण बूट शोधायला गेलो नाही. तुम्ही म्हटलं नाहीत, मीही काढलं नाही. सोसायटीतल्या सोसायटीत फेऱ्या मारायच्या तेवढ्या तुमच्या उरल्या, त्याच जुन्या कॅनव्हासच्या बुटांत. मग पाय राहू द्या, हृदयानंच दगा दिला, आणि बोलायचं ते तसंच राहिलं.

कधी कधी मनाशी भांडते. देवळासमोरच खरं बोलले असते तर गाडी त्याच दिवशी बंद झाली असती. देवानं वाचवलं म्हणायचं, पुढे कोणाला काही झालं नाही, नाहीतर ह्या आठवणी काढायला मला तोंड नसतं. पण ते बुटांसाठीचं हिंडणंही मग झालं नसतं. हे पारडं मला तोलता येत नाही.

तर म्हणून अडलंय. पातळ तळव्याचे घेतले तर मिलिंदला बरं वाटेल, गुरुजींनाही चालेल, आत्याला आवडायचे तसे घेतले असं सगळे म्हणतील. पण ते घेणं म्हणजे आपलं सोंग तुमच्याबरोबर पुढच्या वाटेवर पाठवणं. आणि जाड तळव्याचे घ्यायचे तर तुमच्या तोंडावर म्हटल्यासारखं होईल की मला सगळं माहीत होतं. हे जिवंतपणी म्हणू शकले नाही, आता मागून म्हणायचा मला काय अधिकार?

इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज दुकानात जाऊन आले.

मिलिंद सोबत आला होता. मी पातळ तळव्याचे, पांढरे कॅनव्हासचेच मागितले. ठरवूनच गेले होते, सोंग तर सोंग, तुम्हाला दुखवायचं नाही. माणसानं जोड काढून माझ्या हातात दिला. आणि माझा हात सवयीनं बुटाच्या आत गेला. म्हणजे जायला लागला, पण जाईना. नवा बूट, नाड्या करकचून ओवलेल्या, जीभ आत दबलेली. मिलिंद म्हणाला, आई, हात का घालतेस त्यात? मी म्हटलं, खडा असतो कधी.

हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. देवळाच्या त्या दिवसानंतर मी डॉक्टरांकडे एकटी जाऊन आलेले. त्यांनी सांगितलं, ह्यांना पायाला काही टोचलं तरी कळणार नाही, बुटात खडा, टाचणी काही राहिलं तर जखम होईल आणि ती भरणार नाही, रोज आत हात फिरवून बघत जा. तेव्हापासून रोज सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की मी दारापाशी बसून तुमचे बूट चाचपायचे. बोटांच्या टोकापर्यंत, कडेकडेनं. एकदा बारीक खडी निघाली, एकदा तुमच्याच पदराची सेफ्टी पिन. तुम्हाला कळू नये म्हणून घाईघाईनं करायचे, चोरासारखी. तुम्हाला वाईट वाटेल, असं वाटायचं.

आणि आज त्या दुकानात नाड्या ओढून सैल करताना मला एकदम आठवलं की तुमचे बूट मला कधी सोडवावे लागले नाहीत. माझा हात सरळ आत जायचा. तुम्ही इतकी वर्षं बूट काढायचात तो गाठीसकट, टाचेनं रेटून, ह्या एका बाबतीत तुमच्याइतकं आळशी कोणी नव्हतं, मी ओरडायचे त्यावरून. आणि शेवटी शेवटी ते बूट दारापाशी असायचे ते नाड्या खालच्या भोकापर्यंत सैल केलेले, जीभ पुढे ओढून ठेवलेली, तोंड असं उघडं. रोज. तुम्ही ते कोणासाठी करत होतात, वन्सं? तुमच्या पायाला तर घट्ट-सैल काही कळत नव्हतं.

मी दुकानातल्या त्या बाकावर बसून राहिले. मिलिंदनं पाणी आणलं. तो माणूस विचारत होता, पॅक करू का?

मी म्हटलं, हे नकोत, जाड तळव्याचे दाखवा, सगळ्यांत जाड असतील ते. मिलिंद म्हणाला, अगं, आत्याला पातळ लागायचे ना, गाडी चालवायला?

"आत्याच्या पायांना कळत नाही रे," मी म्हटलं, "आणि वाट तापलेली आहे."

मोठ्यानं म्हटलं, वन्सं. दुकान भरलेलं होतं.